टेकन ६ मधला जिन तुम्हाला पटला का? आणि ८ मध्ये त्याला एवढी सहज माफी कशी मिळाली?

मिशिमा_वाडा

मंडळी, टेकन या फायटिंग गेमच्या सिरीजमधल्या जिनचा हा विषय इथे अधूनमधून निघतो आणि मग डीएलसीच्या (नंतर वेगळे पैसे देऊन घ्यायच्या भागांच्या) भांडणात वाहून जातो, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी टेकन ३ वाला, पार्लरमध्ये तासाचे पैसे देऊन खेळलेला, आणि तेव्हापासून माझा कॅरेक्टर एकच, जिन. आत्ता सगळ्या गेमची स्टोरी पुन्हा ओळीनं बघितली आणि ६ ला येऊन परत तिथंच अडकलो जिथं पहिल्यांदा अडकलो होतो.

३ मधला जिन बघा. १९ वर्षांचा पोरगा. ओगर नावाचा राक्षस घरावर चालून येतो, आईनं आधीच सांगून ठेवलेलं असतं की मला काही झालं तर आजोबांकडे जा, म्हणून हा हेहाचीकडे जातो, त्याच्याच हाताखाली तयार होतो, ट्रू ओगरला लोळवतो आणि लगेच त्याच आजोबाच्या गोळ्या खातो. मग ४ मध्ये त्याला मिशिमा या आजोबाच्या घराण्याच्या नावाचाच एवढा तिटकारा आलेला असतो की तो ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला जाऊन राहतो, शिकलेलं सगळं मिशिमा कराटे टाकून देतो आणि साधं पारंपरिक कराटे पहिल्यापासून शिकतो. आणि शेवटी होन्मारू या मिशिमांच्या जागेत हेहाची त्याच्यासमोर पडलेला असतो, एक ठोसा आणि खेळ खलास, पण त्याला आई दिसते आणि तो हात मागे घेतो. माझ्या आईचे, काझामा जूनचे आभार मान, एवढं बोलून उडून जातो. मला आजही तो सीन बघताना काहीतरी होतं.

आणि ६ सुरू होतो तेव्हा हाच पोरगा मिशिमा झायबात्सू या घराण्याच्या बलाढ्य कंपनीचा मालक आहे, जगाविरुद्ध युद्ध पुकारून बसलाय, नीना त्याची बॉडीगार्ड, एडी त्याच्या फौजेत. ५ मध्ये पणजोबा जिनपाचीला हरवून गादी मिळाली हे ठीक, पण आजोबाला मारायला हात न उठलेला माणूस शहरं बेचिराख करायला कसा निघाला हे कुणी दाखवतच नाही. एकदम शेवटी सांगतात की अझाझेल या राक्षसाला जागं करायला जगात द्वेष आणि दुःख पसरवायचं होतं, म्हणजे त्याला संपवून डेव्हिल जीनपासून (बापाकडून रक्तात आलेल्या राक्षसी ताकदीपासून) सुटका होईल. मग ७ मध्ये जवळजवळ पूर्ण गेम बेशुद्ध. आणि २०२४ ला ८ येतो तेव्हा हा पुन्हा आपला हिरो, सगळे मित्र पाठीशी, आई पाठीशी.

तर मला खरंच जाणून घ्यायचंय, तुम्हाला हा एकच माणूस वाटतो का? का दर गेमला लेखक बदलल्यासारखा नवा जिन आणून उभा केलाय?

वाऱ्याचा_ठोसा

एकच माणूस वाटतो, आणि ६ मधला तर सगळ्यात जास्त खरा वाटतो. तू जिनपासून सुरू करतोयस म्हणून तुला धक्का बसतोय, त्याच्या बापापासून, काझुयापासून सुरू कर.

१९९४ चा पहिला टेकन काढ. त्यात हिरो कोण होता? काझुया. पाच वर्षांचा असताना बापानं, म्हणजे हेहाचीनं, कड्यावरून फेकलेला, छातीवर ती जखमेची खूण घेऊन वर चढून आलेला पोरगा. खेळणारा प्रत्येक जण त्याच्या बाजूनं होता. जिंकतो, बापाला उचलतो, त्याच कड्यावर नेतो, खाली सोडतो आणि हसतो. ते हसू बघूनच कळायला हवं होतं. टेकन २ उघडला की तोच झायबात्सूच्या गादीवर, खून पाडतोय, दुर्मिळ प्राण्यांची तस्करी करतोय, आणि त्यालाच पकडायला जून येते. दोन गेमच्या मधे काय झालं ते तेव्हाही कुणी दाखवलं नव्हतं, आणि तेव्हा कुणी तक्रार केली नाही.

६ मधला जिन म्हणजे २ मधला काझुया आहे. तोच रस्ता, तीच खुर्ची. या घराण्यात जो त्या खुर्चीवर बसतो तो सडतो, ही या सिरीजची मूळ गोष्ट आहे आणि जिन त्यातून सुटला असता तर ती गोष्टच मोडली असती. फरक एवढाच की काझुयाला ताकद हवी होती आणि जिनला मरायचं होतं. तो स्वतःला अझाझेलसकट संपवायला निघाला होता हे विसरू नका. ब्रिस्बेनला पळून गेलेला माणूस आणि हा माणूस एकच आहे, दोन्ही वेळी तो स्वतःच्या रक्तापासूनच पळतोय, फक्त दुसऱ्या वेळी त्याच्या हातात फौज होती.

मिशिमा_वाडा

काझुयावालं पटलं, असं कधी बघितलं नव्हतं. पण भाऊ, काझुयाला आई नव्हती ना वाढवायला. जिनला होती. ३ आणि ४ मध्ये सारखं तेच दाखवलंय की हा आईचा मुलगा आहे. मग ६ मध्ये जूनचं नावसुद्धा त्याच्या वागण्यात कुठं दिसत नाही, हे कसं चालेल?

पांडावाली

माझं मत जरा वेगळ्या बाजूनं. फायटिंग गेममधला कॅरेक्टर कटसीनमध्ये (मधे दाखवतात त्या सीनमध्ये) नसतो, चालींमध्ये असतो. आपण मिनिटभराचा शेवट एकदा बघतो पण त्याचे ठोसे हजारदा मारतो, त्यामुळे मनात जो माणूस बसतो तो हातातून बसतो.

३ मधल्या जिनकडे बापाच्या घराण्याचा विंड गॉड फिस्ट हा खास ठोसा होता आणि जूनच्या काझामा चालीही होत्या, दोन्ही एकाच शरीरात. बाप आणि आई दोघं एका पोरात भांडतायत हे कुणी बोलून न दाखवता कळायचं. ४ मध्ये ते सगळं गेलं आणि नवं, कोरडं, सरळ कराटे आलं. बऱ्याच जणांनी तेव्हा शिव्या घातल्या की आमचा जिन काढून घेतला, पण मला वाटतं सिरीजमधलं सगळ्यात धाडसी कॅरेक्टर रायटिंग तेच आहे. माणूस बदललाय हे तुम्हाला तुमच्या बोटांनी समजतं, कारण पाठ झालेले कॉम्बो लागतच नाहीत! त्याला मिशिमांचं काही नकोय म्हणजे तुम्हालाही मिळणार नाही.

घोळ झाला तो ५ मध्ये. जुन्या चाली मागणारे खूप होते, म्हणून डेव्हिल जिन वेगळा कॅरेक्टर म्हणून आणला. मिशिमा चाली, लेझर, पंख सगळं त्याच्याकडे, आणि साधा जिन कराटेवाला. खेळायला मस्तच, पण गोष्टीच्या दृष्टीनं काय झालं बघा, त्याच्यातलं काळं सगळं उचलून एका खणात आणि पांढरं दुसऱ्या खणात ठेवलं. आणि एवढी वाटणी करून झाल्यावर ६ मध्ये युद्ध कोण सुरू करतं? पांढऱ्या खणातला! डेव्हिल नाही, तो शुद्धीतला जिन. म्हणून ते पटत नाही. ३ मधल्या, दोन्ही हात एकत्र असलेल्या जिननं हेच केलं असतं तर मला शंभर टक्के पटलं असतं.

८ मध्ये त्यांनी हे दुरुस्त केलंय असं माझं मत. हीट मोडमध्ये, म्हणजे थोडा वेळ कॅरेक्टरची ताकद वाढते तेव्हा, जिन डेव्हिलची ताकद स्वतःच्या मर्जीनं वापरतो. दोन खण परत एक झाले. याकुशिमा बेटावरचा भाग आहे ना, जिथं तो आपल्या आतल्या डेव्हिलसमोर उभा राहतो आणि हा मीच आहे असं मान्य करतो, तो मला म्हणूनच आवडला. हे त्याला २००४ पासून, म्हणजे ५ पासून, कुणी करूच दिलं नव्हतं.

सोळा_नंबर

पांडावाली +१. चालींवरून कॅरेक्टर, हे लाख बोललात.

जुनी_डिस्क

चांगला धागा. दोन गोष्टी सांगतो ज्या लोक विसरतात.

पहिली म्हणजे हे गेम आधी आर्केडला यायचे आणि मग घरी. टेकन ६ आर्केडला २००७ मध्ये आला आणि कन्सोलवर २००९ मध्ये. सिनारिओ कॅम्पेन, म्हणजे लार्स आणि अलिसा या नव्या कॅरेक्टरची सगळी गोष्ट आणि तो अझाझेलचा खुलासा, हे कन्सोलवरच. म्हणजे जिननं युद्ध पुकारलं ही बातमी आधी आली आणि का पुकारलं हे दोन वर्षांनी कळलं. तोवर फॅन लोकांनी आपापलं ठरवून टाकलं होतं की जिन व्हिलन झाला. त्यात कॅम्पेन पण लार्सच्या नजरेनं, त्यालाही स्मृती गेलेली, जिन आपल्याला सतत लांबून, शत्रूच्या बाजूनं दिसतो. त्याच्या डोक्यात आपण शिरतच नाही. धागाकर्त्याला जी फट दिसतेय ती तिथली आहे.

दुसरी, जुन्या गेममध्ये प्रत्येक कॅरेक्टरचा स्वतःचा शेवट असायचा आणि त्यातलं खरं काय घडलं ते पुढचा गेम आला की कळायचं. तोवर सगळे जिंकलेले असायचे. तू जिन घेऊन खेळलास म्हणून तुझा जिन, शेजारच्यानं योशिमित्सू घेतला म्हणून त्याचा तो. त्यामुळे कॅरेक्टर बदलला असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा आपण मनात धरून बसलेला शेवट त्यांनी खोटा ठरवलेला असतो.

आता माझं खरं दुःख सांगतो, ते जिनचं नाही, पॉलचं आहे. पॉल फिनिक्स हा पहिल्या गेममध्ये काझुयाचा बरोबरीचा माणूस होता, दोघांची लढत बरोबरीत सुटलेली. आणि ३ मध्ये तर त्यानं ओगरला हरवलं! खरंच हरवलं, ती त्याची मनातली फुशारकी नाही. फक्त ओगर पुन्हा उठून ट्रू ओगर होतो हे बघायला तो थांबला नाही, आपण जिंकलो म्हणून घरी निघून गेला. म्हणजे जगातला सगळ्यात ताकदवान माणूस होण्यापासून तो एका गैरसमजाइतका लांब होता. यात केवढी मोठी शोकांतिका करता आली असती राव! त्याऐवजी त्याला विदूषक केलं. कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून ओरडत फिरणारा, पैशासाठी लॉ आणि स्टीव्हबरोबर टीम करणारा.

मार्शल लॉचंही तेच. स्वतःचं डोजो असलेला गुरू, नंतर काय तर हॉटेल बुडालं, पोरगा फॉरेस्ट पॉलच्या बाईकवर पडला त्याची बिलं भरायची, म्हणून टूर्नामेंट. कर्जात बुडालेला बाप ही गोष्ट वाईट नाही हो, आपल्याकडे किती जणांना ती जवळची वाटेल. पण ती हसण्यासाठीच सांगतात. जिनवर निदान गंभीरपणे चूक-बरोबर लिहिलं तरी जातं.

कट्टा_क्रेटोस

मी टेकनवाला नाही फारसा, पण विषय जिव्हाळ्याचा आहे. गॉड ऑफ वॉर ही दुसरी गेम सिरीज बघा, तिचा हिरो क्रेटोस. २००५ चा क्रेटोस आणि २०१८ चा क्रेटोस, आवाजसुद्धा वेगळा (आधी टी. सी. कार्सन, मग ख्रिस्तोफर जज), स्वभाव तर जमीन-अस्मानाचा फरक. तरी बहुतेकांना पटला, कारण तो बदललाय आणि त्याला आपल्या जुन्या रूपाची लाज वाटते हाच त्या गेमचा विषय आहे. पोराला काय सांगायचं, काय लपवायचं यावरच अख्खा गेम चालतो. पट्ट्या काढून जुनी ब्लेड्स परत हातात घेतो तो क्षण आठवा. आणि २०२३ च्या डिसेंबरात वल्हाल्ला हा जोडभाग आला त्यात तर तो सरळ आपल्या ग्रीसमधल्या पापांसमोर उभा राहतो, एकेकाचं नाव घेऊन.

जिनला असं कुणासमोर उभं केलं का? मला माहीत नाही म्हणून विचारतोय, कारण माफीचा प्रश्न तिथं आहे. आधी सगळं आठवायला लागतं.

मिशिमा_वाडा

हे बघा, मला दोन दिवस जे नीट मांडता येत नव्हतं ते यांनी टेकन न खेळता मांडलं.

नाही, उभं केलेलं नाही. आणि गंमत बघा, तसा माणूस टेकन ७ मध्ये तयार होता. ७ ची गोष्ट सांगणारा तो पत्रकार, त्याची बायको आणि मूल जिनच्या युद्धात गेलेले. त्याच्या रटाळ आवाजाची लोकांनी एवढी चेष्टा केली की तो कोण आहे हेच कुणी लक्षात ठेवलं नाही. पूर्ण सिरीजमध्ये त्या युद्धात घर गमावलेला आणि भरपूर बोलायला मिळालेला साधा माणूस तो एकटा. ८ मध्ये जिनसमोर त्याला फक्त पाच मिनिटं बसवलं असतं तरी माझी तक्रार संपली असती. जिनला स्वतःच्या आतल्या डेव्हिलशी बोलायला लावलं, पण तो डेव्हिल म्हणजे तोच ना. स्वतःशी बोलून स्वतःला माफ केलं.

एडीचंही तसंच. हा माणूस गुरूच्या आजारपणासाठी झायबात्सूत शिरला, जिनच्या फौजेत लढला, जिनला दोन शब्द सुनवायचा पहिला हक्क त्याचा. तर ८ लाँच झाला तेव्हा एडी गेममध्येच नव्हता, नंतर डीएलसी म्हणून आला. (पार्लरमध्ये आमच्याकडे एडी घ्यायचाच नाही असा नियम होता, नुसतं बटणं बडवून लोक जिंकायचे. पण त्याची गोष्ट वाचलीत तर कळेल केवढा चांगला कॅरेक्टर वाया घालवलाय. बापाचा खून, तो आपल्या अंगावर घेऊन तुरुंग, तिथंच म्हाताऱ्या गुरूकडून कापोएरा ही ब्राझीलची लढण्याची कला.)

वाऱ्याचा_ठोसा

इथं मी तुझ्याशी सहमत आहे आणि अजून एक भर घालतो. ज्या अझाझेलसाठी ६ मध्ये एवढं युद्ध केलं तो मेलाच नाही. झाफिना या दुसऱ्या कॅरेक्टरनं त्याला स्वतःच्या हातात कोंडून ठेवला आणि ८ मध्ये काझुयानं ती ताकद तिच्याकडून ओढून स्वतःत घेतली. म्हणजे जिनच्या युद्धातून बाहेर आलं काय, तर बापाच्या हातात अजून मोठं हत्यार. ही एवढी भयंकर गोष्ट आहे आणि ८ मध्ये त्यावर कुणी थांबून बोलत नाही. जिनला हे कळल्यावर त्याचा चेहरा मला बघायचा होता.

तरी मी ८ च्या बाजूनं एक बोलतो. तो शेवटी काझुयाला मारत नाही. हेहाचीनं काझुयाला कड्यावरून टाकलं, काझुयानं हेहाचीला टाकलं, मग हेहाचीनं काझुयाला ज्वालामुखीत, मग ७ मध्ये काझुयानं हेहाचीला लाव्हात. इतक्या वर्षांत कुणीतरी जिंकून समोरच्याला जिवंत सोडलं आणि तो जिन होता, ४ मध्ये आजोबाला सोडणाराही तोच. ६ मध्ये हरवलेला पोरगा तिथं परत सापडतो.

जुनी_डिस्क

लाव्हा निघालाय म्हणून, हेहाचीचं काय म्हणणं आहे लोकांचं? मला वाटतं सगळ्यात मोठी फिरवाफिरवी तिथं झालीय. १ ते ५ पर्यंत तो सरळ सत्तेचा भुकेला म्हातारा होता, पोराला कड्यावरून टाकलं कारण तो तसाच होता. ७ मध्ये काझुमी आणली. बायकोच्या घराण्यातच डेव्हिल जीन, तीच त्याला मारायला आली, मग त्यानं तिला मारलं आणि पोरातही तेच आहे का बघायला त्याला कड्यावरून फेकलं. वीस वर्षांनी एकदम कारण मिळालं.

मला ते आवडलं नाही. काही माणसांच्या क्रूरपणाला कारण नसतं आणि त्यामुळेच हेहाची भीतिदायक होता. पण एक मात्र कबूल, ७ मध्ये उन्शो इशिझुका यांनी त्याला जो थकलेला, जड आवाज दिला त्यानं ती बायकोची आठवण खरी वाटते. आधीचे दाइसुके गोरी २०१० मध्ये गेले, इशिझुका २०१८ मध्ये. दोघंही नाहीत, आणि ७ मध्ये मेलेला हेहाची २०२४ मध्ये डीएलसीत परत. मरण खरं आहे असं सगळीकडे सांगून झाल्यावर परत. मी घेतला नाही तो.

सोळा_नंबर

मी घेतला आणि रोज खेळतो. हेहाचीशिवाय टेकन मला टेकन वाटतच नाही, कारण असो नसो.

काझुमीबद्दल असहमत. तिच्यामुळे पहिल्या गेमचा तो कडा मला पहिल्यांदा समजला. बायकोला स्वतःच्या हातानं मारलेला माणूस पोराच्या डोळ्यात तीच बघतोय. क्रूरपणा कमी नाही होत त्यानं, वाढतो.

पांडावाली

हेहाचीला वेगळा धागा काढा कुणीतरी, तिथं मी पण भांडायला येते.

शेवटचं, सगळे जिन-जिन करतायत म्हणून. बदल केला म्हणून आपण रागावतो, पण शाओयूकडे बघा, तिला कुणी बदलतच नाही. ३ मध्ये ती शाळकरी मुलगी, हेहाचीकडून अम्युझमेंट पार्क बांधून घ्यायचं म्हणून टूर्नामेंटमध्ये उतरलेली, पांडाला घेऊन. त्यानंतर जिन देशोधडीला लागला, गादीवर बसला, युद्ध केलं, मेल्यात जमा झाला, परत आला, आणि ही प्रत्येक गेममध्ये त्याच्या मागे, तेवढ्याच वयाची, तेवढ्याच हसऱ्या आवाजात. ८ मध्ये याकुशिमाला त्याच्याबरोबर जाते, त्याला सावरते. पण ६ मध्ये ज्याच्यावर जीव लावला तो माणूस शहरं जाळत होता तेव्हा तिला काय वाटलं, तिनं त्याला कधी विचारलं का, एकदा तरी चिडली का त्याच्यावर? तो पत्रकार नको असेल तर हिला तरी बोलू द्यायचं होतं. तिला तो हक्क होता आणि ती त्याच्या समोरच उभी होती. ९ आला तर मला जिनची गोष्ट नकोय आता. शाओयू मोठी झालेली हवीय, चालींसकट, तो नाचरा फिनिक्स स्टान्स थोडा जड झालेला चालेल, आणि पहिल्याच चॅप्टरमध्ये तिची आणि जिनची लढत, ज्यात मला तिच्या बाजूनं खेळायला मिळेल.